ओसरीवरून : शहर, सागर कीं अरण्य ?

एकत्र कुटुंबांत घर बांधण्याविषयीं एक वेळ एकमत होईल. परंतु सुट्टींत कोठें जावें याविषयीं होणें कठीण, असा आमचा पुष्कळ वर्षांचा अनुभव आहे. त्यांतून गोष्ट परदेशाची निघाली म्हणजे वादास रंगच चढतो. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं हा प्रश्न मोठ्या युक्तीनें सोडविला होता. समुद्रयानाची गणना त्यांनीं कलिवर्ज्यांत करून टाकली, आणि मग वादास जागाच उरली नाहीं. तें बंधन आतां गेलें. तेव्हां विवेक ज्याचा त्यानेंच करावयास हवा. तो कसा करावा याविषयीं आमच्या घरीं जें घडलें, तें वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगतों.

गेल्या वर्षीं दक्षिण आफ्रिकेस जाण्याचा बेत निघाला. थोरल्या चिरंजिवांस शहरें पाहावयाचीं होतीं. गांधीजींचें सार्वजनिक आयुष्य जेथें घडलें तो देश शहरांतूनच कळतो, असें त्यांचें म्हणणें. धाकट्यांस समुद्रकांठच्या रस्त्यानें स्वतः मोटार हांकीत जावयाचें होतें. नातवंडांस सिंह हवा होता. त्याहून कमी कशावरही तीं तडजोडीस तयार नव्हतीं. इतक्यांत एका प्रवासी कंपनीचें पत्रक घरांत आलें. दहा दिवसांत तिन्ही गोष्टी दाखविण्याचें त्यांत आश्वासन होतें. सर्वांचे चेहरे उजळले. फक्त थोरल्या सूनबाई अडखळत म्हणाल्या, "बाबा, एवढी धांवपळ आईंना झेपेल का ? आणि जंगलांतलें तर मुळींच झेपणार नाहीं."

आमच्या सौभाग्यवतीचे गुडघे गेलीं पांच वर्षें दुखत आहेत. ती लगेच म्हणाली, "खरेंच आहे. तुम्ही सगळीं जाऊन या. आम्ही दोघें घर सांभाळूं." आणि देवापाशीं दिवा लावण्याच्या निमित्तानें आंत गेली. सूनबाईंच्या बोलण्यांत काळजीच होती, हें आम्ही जाणतों. परंतु जिनें इतकीं वर्षें सर्वांच्या सहलींचे डबे भरून दिले तिनेंच मागें राहावें, हें आम्हांस रुचेना. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि नकाशा पुढें ओढून बसलों.

पहिली गोष्ट अंतरांची. शाळेच्या नकाशावर तो देश तळहाताएवढा दिसतो. प्रत्यक्षांत जोहान्सबर्गपासून क्रूगरचें अरण्य सुमारें ४०० किलोमीटर, जोहान्सबर्गपासून केप टाउन सुमारें १,४०० किलोमीटर, आणि केप टाउनपासून समुद्रकांठानें पोर्ट एलिझाबेथ (२०२१ पासून या शहराचें नांव ग्केबेरा असें झालें आहे) सुमारें ७५० किलोमीटर. बेरीज अडीच हजारांवर जाते. म्हणजे मुंबईहून दिल्लीस जाऊन परत येण्यास थोडेंच कमी. दहा दिवसांतून जाण्यायेण्याचे दोन वजा जातां आठ उरले. एवढ्या अवधींत हें अंतर तोडावयाचें म्हणजे विमानतळ, सामान आणि घड्याळ यांचेंच दर्शन घडावयाचें.

दुसरी गोष्ट ऋतूंची. तो देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सबब आपला उन्हाळा तो तिकडचा हिवाळा, हें शाळकरी मुलासही ठाऊक असतें. परंतु त्या एकाच देशांत पावसाचे काळ दोन आहेत, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. केप टाउनास पाऊस हिवाळ्यांत पडतो, क्रूगरकडे उन्हाळ्यांत. हिवाळ्यांत क्रूगरचें गवत वाळतें, लहान पाणवठे आटतात, आणि उरल्या पाण्यावर जनावरांस यावें लागतें. म्हणून त्या काळांत तीं सहज दृष्टीस पडतात. अर्थात् मे महिन्याच्या सुट्टींत अरण्य अनुकूल, तर केप टाउनांत पावसाळ्याचा आरंभ. दिवाळीच्या सुमारास केप टाउनास वसंत ऋतु असतो आणि हर्मेनस गांवच्या कड्यावरून देवमासे दिसतात. तर क्रूगरमध्यें उष्मा वाढून पावसाचीं चिन्हें दिसूं लागतात. दोन्हीं ठिकाणें एकाच वेळीं उत्तम पाहावयास मिळावींत, अशी सोय निसर्गानें केलेली नाहीं.

आतां तीन पक्षांचा विचार. शहरांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. ७ जून १८९३ रोजीं पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनावर गांधीजींस आगगाडींतून उतरविलें. जोहान्सबर्गच्या ज्या किल्ल्याच्या तुरुंगांत १९०८ सालीं ते होते, आणि पुढें मंडेलाही होते, त्याच टेंकडीवर आज त्या देशाचें घटना-न्यायालय उभें आहे. १९१२ च्या ऑक्टोबरांत आमचे नामदार गोखले केप टाउनास उतरले व गांधीजींसह त्यांनीं देशभर दौरा केला. त्या बंदराचें नांव काढतां आम्हांस प्रथम तेंच आठवतें. त्याच नगरांतील डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ सालीं केवळ गोऱ्यांसाठीं राखून साठ हजारांहून अधिक माणसें तेथून हलविण्यांत आलीं. १९९४ पासून तेथें त्यांच्या आठवणींचें संग्रहालय आहे. समोरच्या रॉबेन बेटावर मंडेलांनीं २७ वर्षांच्या कारावासापैकीं १८ वर्षें काढलीं. हें सर्व पाहण्याजोगें खरें; पण शहर पायांनीं पाहावयाचें असतें. रांगा, जिने, संग्रहालयांतून तास तास उभें राहणें, यांस तरुण गुडघे लागतात.

समुद्रकांठाची गोष्ट निराळी. केप टाउनजवळचा चॅपमन्स पीक हा रस्ता १९२२ सालीं खुला झाला. अवघ्या नऊ किलोमीटरांत ११४ वळणें; एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास अटलांटिक महासागर. ज्यांस आपल्या घाटांतून जातांना पोटांत कालवतें, त्यांनीं त्याचें कौतुक दुरूनच करावें. याउलट मॉसेल बेपासून स्टॉर्म्स नदीपर्यंतचा, उद्यानमार्ग म्हणून प्रसिद्ध असलेला रस्ता सौम्य आहे. वाटेंत नाइझ्नाची खाडी आहे, त्सित्सिकामाचें दाट रान आहे. वाहनें आपल्याप्रमाणेंच डाव्या बाजूनें चालतात. मात्र हांकणाराचे डोळे रस्त्यावर असतात, त्यामुळें समुद्र पाहावयास त्यास थांबावेंच लागतें. म्हणून रोज दोनशें किलोमीटरांपलीकडे जाऊं नये.

राहिलें अरण्य, आणि येथेंच आमचा सर्वांचा समज खोटा ठरला. क्रूगर हें १९२६ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. त्याचा विस्तार सुमारें १९,५०० चौरस किलोमीटर. तेथील नियम आम्हीं वाचले. नेमून दिलेल्या जागांखेरीज मोटारींतून खालीं उतरावयाचें नाहीं. डांबरी रस्त्यावरही वेग ताशीं ५० किलोमीटरांवर नेऊं नये. म्हणजे ज्यांस चालवत नाहीं, त्यांस जेथें चालण्याची मनाईच आहे, असें हें एकच स्थळ ! उघड्या जीपचे धक्के टाळून आपल्या बंद मोटारींतून गेलें, तर येथें लागतो तो केवळ धीर, आणि तो घरांतील वडील मंडळींपाशींच सर्वांहून अधिक असतो. खरी अडचण निराळीच निघाली. क्रूगरच्या भागांत हिवताप आहे, विशेषतः पावसाच्या महिन्यांत. गर्भवती स्त्रियांनीं व लहान मुलांनीं तो भाग टाळावा असें डॉक्टर सांगतात. आमचा धाकटा नातू चार वर्षांचा. आजीसाठीं जें अरण्य वर्ज्य ठरत होतें, तें वस्तुतः नातवासाठीं वर्ज्य होतें !

नकाशावर बोट फिरवितां फिरवितां उत्तर सांपडलें. उद्यानमार्गाच्या पूर्वेस, पोर्ट एलिझाबेथपासून सुमारें ७० किलोमीटरांवर, अ‍ॅडो नांवाचें हत्तींचें अरण्य आहे, आणि तेथें हिवताप नाहीं. केप टाउन तीन दिवस, समुद्रकांठ तीन, अरण्य दोन. सगळा प्रवास एकाच दिशेनें. यासाठीं थोरल्यांनीं जोहान्सबर्ग व पीटरमॅरिट्झबर्ग सोडलें, धाकट्यांनीं वेग सोडला, आणि सिंह दिसेलच असें नाहीं, हें नातवंडांनीं नाखुशीनें कबूल केलें. ऑक्टोबरांत आम्ही नऊंच्या नऊ जणें निघालों.

अ‍ॅडोची कथा ऐकण्यासारखी आहे. हत्ती शेतमळ्यांची नासधूस करतात अशी तक्रार झाल्यावरून १९१९ सालीं सरकारनें मेजर प्रिटोरियस या शिकाऱ्यास नेमिलें, आणि त्यानें शंभरांहून अधिक हत्ती मारिले. १९३१ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें तेव्हां अवघे ११ हत्ती उरले होते. आज ते सहाशेंहून अधिक आहेत. ते कुंपणांत राहावे म्हणून पूर्वीं त्यांस संत्रीं घालीत. ती प्रथा बंद झाली, पण संत्र्याचा वास त्यांस मोटारीकडे ओढील या भीतीनें अद्यापि तसलीं फळें आंत नेऊं देत नाहींत. तेथें बिनपंखी शेणकिडे आहेत. रस्त्यावर त्यांना वाट द्यावी अशा पाट्या लाविल्या आहेत. राहण्याच्या घरांतून स्वयंपाकाची सोय असल्यामुळें आमची मुगाची खिचडी दोन्ही दिवस निर्वेध शिजली.

निवासाजवळ एक पाणवठा असून तो पाहण्यासाठीं आडोसा केलेला आहे. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही तेथें बसलों होतों. झुडपांतून एक म्हातारी हत्तीण बाहेर आली, थांबली, वारा हुंगला, आणि मग तिच्यामागून सगळा कळप पाण्यावर उतरला. हत्तींच्या कळपाचें पुढारपण वयानें वडील मादीकडे असतें. दुष्काळांत पाणी कोठें मिळेल, हें तिलाच आठवत असतें. तिची चाल मंद होती, पण पिलांसह कोणीही तिच्यापुढें गेलें नाहीं. सौभाग्यवती दोन तास त्या बांकावर बसून होती. चार वर्षांचा नातू मांडीवर होता, आणि थोरल्या सूनबाई शेजारीं. "आई, परत जाऊं या का ? पाय अवघडले असतील," असें त्यांनीं विचारलें. "थांब गं, ती म्हातारी अजून प्यायची आहे," असें उत्तर आलें. सिंह शेवटपर्यंत दिसला नाहीं, पण नातवंडांनीं त्याची आठवणही काढली नाहीं.

असो. शहर मोठें कीं सागर कीं अरण्य, याचा निवाडा आम्हीं केलेला नाहीं व तो कोणास करतां येईल असें वाटतही नाहीं. मात्र बेत आंखणाऱ्या गृहस्थांस आमचें एवढेंच सांगणें आहे. पत्रक वाचण्यापूर्वीं नकाशा व पावसाचे महिने पाहावे, आणि कोणाला काय झेपणार नाहीं हें ठरविण्यापूर्वीं त्या ठिकाणचे नियम वाचावे. मग घरांत ज्याचें पाऊल सर्वांत मंद, त्याच्या चालीनें दिवसांची वांटणी करावी. स्थळें कमी होतील, पण माणसें कमी होणार नाहींत.