शिळ्या कढीला ऊत की नवी आवृत्ती?

जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली की आपण ग्रंथालयात मागणी नोंदवतो. जुना चित्रपट पुन्हा लागला तर घरची वडीलधारी मंडळी कौतुकाने जातात. परंतु जुना व्हिडिओ गेम नव्या यंत्रावर पुन्हा विक्रीस आला, की लगेच शेरा ऐकू येतो : "शिळ्या कढीला ऊत!" कंपन्यांना नवे काही सुचत नाही, म्हणून तोच माल पुन्हा पुन्हा गळ्यात मारतात, असा या शेऱ्याचा अर्थ.

हा आक्षेप अगदीच निराधार नाही. 'फायनल फँटसी' हा जपानी गेम प्रथम १९८७ साली निघाला. पुढे तो २००० मध्ये वंडरस्वान या हातातल्या यंत्रावर, २००२ मध्ये प्लेस्टेशनवर, २००४ मध्ये गेमबॉय ॲडव्हान्सवर, २००७ मध्ये पीएसपीवर, २०२१ मध्ये संगणकावर व फोनवर आणि २०२३ मध्ये नव्या कन्सोलवर आला. एकच वस्तू इतक्यांदा विकणारा व्यापारी आपल्या बाजारपेठेत असता, तर लोकांनी त्याला हसून बेजार केले असते. तरीही माझे मत असे आहे, की जुने गेम पुन्हा निघालेच पाहिजेत. मात्र ते पुस्तकाच्या आवृत्तीसारखे निघावेत, गोदामात पडून राहिलेल्या मालासारखे नव्हे.

ज्यांनी हे गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 'रोल-प्लेइंग' जातीच्या गेममध्ये खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो. गावोगाव फिरतो, माणसांशी बोलतो, लढाया करतो, हळूहळू बलवान होतो. अशी एक कथा वीस, तीस, कधी चाळीस तास चालते. १९८६ चा 'ड्रॅगन क्वेस्ट' किंवा १९९५ चा 'क्रोनो ट्रिगर' पाहिला, तर त्याचे नाते नेमबाजीच्या खेळापेक्षा कादंबरीशी अधिक आहे, हे पटेल.

परंतु कादंबरीत आणि गेममध्ये एक मोठा फरक आहे. पन्नास वर्षांपूर्वीचे पुस्तक कपाटातून काढले, धूळ झटकली, की वाचता येते. गेमला त्याचे यंत्र लागते. त्या यंत्राचे उत्पादन काही वर्षांत थांबते. पहिल्या 'फायनल फँटसी'च्या कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद जपणारी एक लहानशी बॅटरी असे. ती संपली की नोंदही पुसली जाते. म्हणजे या कलाकृतीला घसारा लागतो तो तिच्या गुणामुळे नव्हे, तर ती ज्या डब्यात भरली आहे त्या डब्यामुळे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के गेम बाजारात सरळ मार्गाने विकतच मिळत नाहीत, असे तीत आढळले. १९९८ चा 'पँझर ड्रॅगून सागा' हा चार तबकड्यांचा गेम जाणकारांनी नावाजला, पण तो सेगा सॅटर्न या यंत्राबरोबर गेला तो गेलाच. त्याची दुसरी आवृत्ती आजतागायत निघालेली नाही.

मालक तरी आपली वस्तू जपतो का? 'फायनल फँटसी'ची मालक असलेल्या स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी २०१९ साली कबूल केले, की काही जुन्या गेमांची मूळ संगणक-लिपी कुठे आहे हेच सापडत नाही. त्याच कंपनीचा २००२ चा 'किंगडम हार्ट्स' २०१३ मध्ये पुन्हा काढताना मूळ साहित्य हरवल्यामुळे बराच भाग नव्याने घडवावा लागला. हिशेबशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ताळेबंदाच्या उजव्या बाजूला मालमत्ता दिसते आहे आणि गोदामाचे कुलूप उघडले तर आत काहीच नाही! अशा वेळी पुनर्प्रकाशन हेच या कलेचे एकमेव ग्रंथालय ठरते. कंपनी ते नफ्यासाठी करते, हे मान्य. प्रकाशकही नफ्यासाठीच छापतो. त्याने पुस्तकाचे महत्त्व कमी होत नाही.

दुसरा मुद्दा भाषेचा. तो आपल्या अंकाच्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको, कारण या अंकाचेच मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. 'फायनल फँटसी'चा तिसरा भाग जपानमध्ये १९९० साली निघाला. इंग्रजी वाचकाला तो २००६ मध्ये मिळाला, तोही नव्या चित्रांत व बदललेल्या रूपात. मूळच्या धाटणीचा गेम अधिकृतपणे इंग्रजीत यायला २०२१ उजाडले. १९९५ चा 'सेइकेन देन्सेत्सु ३' इंग्रजीत आला २०१९ मध्ये. मधल्या काळात, २००० साली, रसिकांनीच पदरमोड करून त्याचा अनुवाद केला होता. कायद्याने त्यांना तो अधिकार नव्हता. पण ज्याच्याकडे अधिकार होता त्याने चोवीस वर्षे काही केले नाही, हेही खरे.

मराठीत किंवा कन्नडमध्ये हे गेम नाहीत. माझ्यासारखा मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ते इंग्रजीतच खेळतो. पण या जुन्या गेमांची एक गंमत आहे. त्यांतले गावकरी, राजे, दुकानदार जे बोलतात ते चौकटीत लिहून येते आणि आपण बटण दाबेपर्यंत थांबते. एक वाक्य तीनदा वाचा, शब्दकोश काढा, कोणी घाई करत नाही. वर्गात इंग्रजी बोलताना घाबरणाऱ्या मुलाला इतका सबुरीचा शिक्षक सहसा मिळत नाही. नवे गेम भराभर बोलून पुढे जातात. म्हणूनच जुना गेम फोनवर पुन्हा आला, याचे मला मोल वाटते. १९९५ चा खर्चिक कन्सोल आमच्या घरात कधीच आला नसता.

मात्र 'पुन्हा काढा' म्हणताना 'कसेही काढा' असे मला म्हणायचे नाही. २०१८ मध्ये 'क्रोनो ट्रिगर' संगणकावर आला तेव्हा त्याची चित्रे पुसट केलेली होती आणि मांडणी फोनवरून उचललेली होती. ग्राहक संतापले. तेव्हा कुठे काही महिन्यांत कंपनीने दुरुस्त्या केल्या आणि मूळ चित्रे निवडण्याची सोय दिली. याउलट २०२३ मध्ये कन्सोलवर आलेल्या 'फायनल फँटसी'च्या पहिल्या सहा भागांत जुने संगीत हवे की नवे, अक्षरांचे वळण कोणते, वाटेतल्या लढाया हव्यात की नकोत, हे खेळणाऱ्यावर सोपवले आहे. हीच योग्य रीत होय. तरीही २००४ च्या आवृत्तीत पहिल्या भागाला जोडलेला मजकूर त्यात नाही. शिवाय २०२१ मध्ये ही नवी आवृत्ती यायच्या वेळी पाचव्या व सहाव्या भागांची संगणकावरची जुनी आवृत्ती स्टीम या दुकानातून काढून घेण्यात आली. नवी आवृत्ती छापली म्हणून जुनी कपाटातून उचलून नेणारा ग्रंथपाल आपण चालवून घेऊ का? २७ मार्च २०२३ रोजी निन्टेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांवरची दुकानेच बंद केली, तेव्हा तेथे असलेले कितीतरी गेम नव्या ग्राहकाला बंद झाले.

म्हणून माझ्या तीन अपेक्षा आहेत. एक, मूळ गेम जसाच्या तसा सोबत असावा आणि काय बदलले ते प्रस्तावनेत लिहितात तसे स्पष्ट सांगावे. दोन, नवा माल आला म्हणून जुना मागे घेऊ नये. तीन, मालकाला स्वतः काढायचे नसेल तर ग्रंथालयांना तो अभ्यासकांपुढे ठेवू द्यावा. अमेरिकेत ग्रंथालयांनी अशा गेमांचा दूरस्थ वापर करू देण्याची सवलत मागितली, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारण्यात आली. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचे पुस्तक सर्वांचे होते, तोवर त्याच्या प्रती ग्रंथालयांत टिकून असतात. गेमच्या बाबतीत हक्क संपण्यापूर्वी यंत्र संपते.

"फुकट नक्कल मिळते, मग विकत कशाला?" असे विचारणारे मित्र पुष्कळ आहेत. त्यांना माझे उत्तर असे, की जिथे दुकान उघडे आहे आणि माल प्रामाणिक आहे तिथे पैसे मोजावेत. आणि कंपन्यांना सांगणे असे, की दुकान बंद ठेवून ग्राहकाला चोर म्हणू नये. आपल्यापैकी बरेच जण उद्या कुठल्या ना कुठल्या कंपनीचे हिशेब लिहायला बसणार आहोत. त्या वेळी जुन्या मालमत्तेची किंमत शून्य लिहिण्यापूर्वी, ती कोणाला अजून हवी आहे का, एवढे विचारण्याची सवय आपण आतापासूनच लावून घ्यावी.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष