आपल्या हातात अखंड काय आहे?



सप्ताहातला वीणेचा पहारा तुम्हाला ठाऊक आहे. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. गेल्या चैत्रात मूल तालुक्यातल्या एका गावच्या सप्ताहात रात्री दोन ते चारचा पहारा माझ्याकडे होता. मांडव निजला होता. खिशातला फोन थरथरला. पुतण्याने काहीतरी पाठवले होते. पाहिले. मग त्याखालचे पाहिले, मग आणखी खालचे. कोपऱ्यात घोंगडीवर पडलेली एक आजी उठून बसली आणि म्हणाली, "बुवा, वीणा थांबली का जी?"

वीणा गळ्यात होती, पण तार मुकी होती. बोट मात्र चालूच होते, काचेवर.

तेव्हापासून एक प्रश्न मी स्वतःला विचारतो, तो आज तुम्हालाही विचारतो. आपल्या जगण्यात अखंड काय चालले आहे, नाम की फोन?

आपल्यातच हल्ली एक बोलणे रूढ झाले आहे: "मोबाईलमुळे परमार्थ सोपा झाला. घरबसल्या दर्शन, कानात हरिपाठ, ग्रुपवर रोज अभंगाचे चित्र. यात वाईट काय?" माउली, ही पळवाट आहे. हरिपाठासाठी फोन उघडावा, तर हरिपाठ पुरा होण्याआधी धानाचा भाव, क्रिकेट आणि शेजारगावचे भांडण मनात येऊन बसते. श्रवणामागून मनन हवे, आणि मननाला रिकामा वेळ लागतो. तोच वेळ या यंत्राने गिळला. एसटीची वाट पाहताना, बांधीच्या धुऱ्यावर बसलेले असताना पूर्वी ओठ हलत. आता माना खाली असतात.

कुणी म्हणेल, मग टॉवर पाडायचे काय? मुळीच नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा वेळी बाळंतिणीसाठी मदत मागायची तर फोनच हवा. गडचिरोलीच्या दुर्गम भागात माणसे रेंजसाठी टेकडी चढतात. ती त्यांची गैरसोय आहे, तिचे कौतुक मी करणार नाही. त्यांच्या गावात रेंज यायलाच हवी. पण एक गोष्ट त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. ती माणसे कामापुरती वर जातात, बोलतात आणि खाली उतरतात. आपल्याकडे टेकडीच खिशात आली, आणि आपण उतरायचे विसरलो.

माळेला मेरुमणी असतो. १०८ मणी झाले की तो बोटाला लागतो. तो ओलांडायचा नाही, माळ फिरवायची. थांबण्याची जागा माळेतच ओवलेली आहे. फोनच्या पडद्याला मेरुमणी नाही, आणि तो चुकून राहिलेला नाही. खाली सरकवत राहावे आणि पान कधी संपूच नये, ही रचना एझा रास्किन नावाच्या अमेरिकन रचनाकाराने २००६ साली केली. पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. या कंपन्यांचा पैसा जाहिरातींतून येतो. आपण जितका वेळ पाहू, तितकी त्यांची कमाई. जे चित्त विठ्ठलाच्या पायी वाहिले असे आपण रोज म्हणतो, तेच आपण त्यांच्या दुकानात फुकट ठेवून येतो.

हा तोटा फक्त वेळेचा नाही. १ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा त्यांच्या आधीच फोनवरून पोहोचली होती. जमावाने पाचही जणांना मारून टाकले. त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. चोखोबांचे मंगळवेढे, पंढरीच्या शेजारचे. दारी आलेल्याला घासभर भाकर देणारा आपला मुलूख. एका खोट्या निरोपाने त्याला 'बाबा, तू कोण?' एवढे विचारायची सवडही ठेवली नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. वाणीचा संयम सांगणारे आपण, आणि मर्यादा घालावी लागली कंपनीला!

याच्या उलट धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा पाहा. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. पटले नाही तर पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तो असे वर्षानुवर्षे समोरासमोर बसूनच. मन स्थिर असले तर गाव काय मिळवते, ते आपल्याच जिल्ह्यात दिसते.

आणि ताडोबा तर आपल्या उंबऱ्याशी आहे. तिथे गाभा क्षेत्रात जाताना पर्यटकांना मोबाईल वापरता येत नाही. सारे निमूटपणे ऐकतात. वाघ दिसावा म्हणून फोन बाजूला ठेवता येतो. मग गाभाऱ्यातल्या विठोबासाठी का ठेवता येऊ नये?

म्हणून सप्ताहाच्या मंडळांना आणि दिंडीप्रमुखांना माझी विनंती आहे. मांडवाच्या दाराशी एक पेटी ठेवा. कीर्तनाचे चित्रीकरण करायचेच तर एकानेच करावे, बाकीच्यांनी ऐकावे. पहारेकऱ्याजवळ फोन नसावा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना आपल्याकडे कितीतरी गावांत रोज सायंकाळी होते. त्या वेळी घरोघरी नेट बंद राहू द्या. एकादशीला आपण अन्न सोडतो, त्याच दिवशी नेटही सोडू या. अडल्यानडल्याचा फोन मात्र घ्यायचा, कारण तीही सेवाच आहे. आणि स्वतः वाचून, खात्री करून घेतल्याशिवाय कोणताही निरोप पुढे पाठवायचा नाही, मग त्यावर विठ्ठलाचे चित्र का असेना.

येत्या चैत्रात मी त्याच गावी दोन ते चारचा पहारा मागून घेतला आहे. फोन घरी राहील. आजी मांडवात असेल, तर या खेपेस तिची झोप मोडू नये.

राम कृष्ण हरी.