गेम तोच, कन्सोल बदलला अन् नशीब फिरलं

गेम चांगले असले की कन्सोल आपोआप खपतो, असं चाहते छातीठोकपणे सांगतात. जपानच्या निन्टेंडो कंपनीचा अनुभव तसा नाही. तिचा 'वी' कन्सोल 10 कोटींहून जास्त खपला. 2012 मध्ये आलेला 'वी यू' मात्र जेमतेम 1 कोटी 35 लाखांवर अडकला. गेम वाईट होते म्हणावं, तर 'वी यू'वर सुमारे 84 लाख खपलेला 'मारिओ कार्ट 8' थोडी भर घालून 2017 मध्ये 'स्विच'वर आला आणि 6 कोटींच्या पुढे गेला.

मोठा घोळ नावात होता. 'वी यू' हा नवा कन्सोल की जुन्या 'वी'ला जोडायचा पॅड, हेच अनेक गिऱ्हाईकांना कळेना. विक्री थंडावली तसा बाहेरच्या कंपन्यांनी हात आखडला आणि गेमही आटले. 'स्विच' समजायला सोपा होता: घरी टीव्हीला लावा, बाहेर हातात धरून खेळा.

जून 2025 मध्ये आलेल्या 'स्विच 2'च्या नावात गोंधळ नाही. पहिल्या चार दिवसांत 35 लाख खपले, पण ती हक्काची गिऱ्हाईकं. अमेरिकेत पहिला 'स्विच' 300 डॉलरला होता, हा 2025 मध्ये 450 ला आला. एवढे पैसे साधी घरं मोजतील का, यावरच पुढचं ठरेल.