षष्ठीला शिवडी, द्वादशीला ऐरोली

गळ्यात ईएमआयवर घेतलेली चारशे मिलिमीटरची लेन्स, डोक्यावर कॅप आणि शनिवारी भल्या पहाटे शिवडीच्या जेट्टीवर हजर! समोर काय? लांबच लांब चिखल, त्याच्या पार टोकाला काही गुलाबी-पांढरे ठिपके आणि थेट डोळ्यांत घुसणारा सूर्य. दर हिवाळ्यात असे चार तरी चेहरे तिथे हिरमुसून चहा पिताना दिसतात. लेन्स बिचारी चांगलीच असते हो. वेळ चुकलेली असते.

खाडीतल्या पक्ष्यांचं ऑफिस नऊ ते सहा नसतं, ते भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे, शिंपले टिपायला फ्लेमिंगोंपासून इवल्याशा तुतवारांपर्यंत सगळी मंडळी दूरवर पांगतात. पाणी चढू लागलं की तेच पाणी त्यांना हळूहळू काठाकडे, म्हणजे तुमच्याकडे ढकलत आणतं. त्यांच्यामागे चिखलात उतरायची काही गरज नाही. आणि उतरूही नका, तो चिखल बूट गिळतो! भरतीच्या आधीचे दोन तास काठावर गप्प बसलात तरी काम होतं.

आता ही वेळ काढायची कशी? फोनवर अ‍ॅप आहेतच. पण कोकणातल्या आजोबांचा हिशोब त्याहून सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा. संकष्टी म्हणजे चतुर्थी, तर भरती तीनच्या सुमारास. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पहाटे-सकाळी एकदा आणि दुपारी-रात्री एकदा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तो अ‍ॅपवर पाहून घ्या. पण पुढच्या महिन्यातला कुठला रविवार कामाचा, हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आत्ताच कळतं. आईने उपवासाची खूण केलेली असते, शेजारी तुमची एक!

दुसरं गणित उजेडाचं. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी तिथे सगळे पक्षी काळे दिसणार, तुम्ही कितीही लाखांचा कॅमेरा आणा. तिथे जायचं ते दुपारी, ऊन पाठीशी घेऊन, म्हणजे पंचमी-षष्ठीच्या आसपास. खाडीपलीकडचं ऐरोली बरोबर उलटं : सकाळचं ऊन पाठीवर, त्यामुळे द्वादशी उत्तम. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीहून वनखात्याच्या बोटी सुटतात, त्याही भरती बघूनच. अलिबागजवळचं अक्षी किंवा आपली गिरगाव चौपाटी पश्चिमेकडे बघते, तेव्हा तिथेही सकाळच. नऊ-दहानंतर मात्र गाशा गुंडाळा. तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते आणि फोटो पाण्यात भिजल्यासारखा येतो.

बदकांच्या बाबतीत घाई नको. थापट्या, तलवार बदक वगैरे पाहुणे आले आले की नरसुद्धा बरेचदा मादीसारखेच मातकट असतात. जानेवारी-फेब्रुवारीत थापट्याचं डोकं हिरवंगार होतं, पिवळा डोळा चमकतो, तेव्हा खरी मजा. कुरवांचं, म्हणजे सीगल्सचं, असंच. काळ्या डोक्याचा कुरव थंडीत काळ्या डोक्याचा नसतोच! डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका. मार्चमध्ये परतीच्या आधी टोपी चढते. आणि हो, गडद पाण्यावर पांढरा कुरव असला की कॅमेरा फसतो आणि पिसं जळून सपाट पांढरी होतात. एक्स्पोजर दोन-तीन टिचक्या खाली आणा. उडत्या पक्ष्याला शटर सोळाशे-दोन हजारच्या पुढे. डोळा शोधायचं काम हल्लीचे कॅमेरे स्वतःच करतात. बाकी तुम्ही जमिनीवर आडवे व्हा, पक्ष्याच्या नजरेच्या उंचीवर. शर्ट धुता येतो.

आता थोडं कडू. थवा बसलाय, कुणाला 'फ्लाइट शॉट' हवा असतो आणि मग कुणीतरी टाळ्या वाजवतं, दगड भिरकावतं. नाहीतर ड्रोन. काय राव! भरती म्हणजे या पक्ष्यांचं कॅन्टीन बंद असतं. पोट भरून झालंय, आता उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर एका पायावर उभं राहून आराम. बदकं तर बरेचदा रात्री चरतात आणि दिवसा झोपतात. त्यांना उडवलंत की कमावलेली चरबी फुकट जाते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तीच चरबी त्यांना सायबेरियापर्यंतच्या प्रवासाला पुरवायची असते. शिवाय उडून जाणार कुठे? भरतीत विसावायची तळी आणि मिठागरं शहराच्या पोटात चाललीत. ज्या टॉवरच्या जाहिरातीत फ्लेमिंगो छापलेला असतो, त्याच्या पायाखाली काय होतं ते विचारून बघा एकदा.

मांडव्याच्या लाँचवर गाठिया उधळून कुरवांचा फोटो काढणाऱ्यांना तर काय बोलणार? तळलेल्या बेसनावर तिबेट-लडाखच्या तळ्यांपर्यंत परतायचं त्या तपकिरी डोक्याच्या कुरवाने?

उडता फोटो फुकटात मिळतो, जरा वाऱ्याकडे लक्ष द्या. पक्षी उडतात आणि उतरतात ते वाऱ्याला तोंड देऊन. थंडीत दुपारनंतर मुंबईत समुद्राचा वारा सुटतो, पश्चिमेकडून. म्हणजे शिवडीला तुमच्या पाठीमागून, उन्हाबरोबरच. चढत्या पाण्याने पाय भिजले की थवा आपणहून उठतो, आणि उठतो तो तुमच्या दिशेने तोंड करून. त्याआधी बदकं माना वर-खाली हलवायला लागतात. ते दिसलं की चहाचा कप खाली ठेवा. बोट शटरवर.