उघडलेल्या रिपोर्टची हजेरी

धायरी फाट्याजवळच्या एका कारखान्यात मी विक्रीचे आणि साठ्याचे रिपोर्ट बनवतो. मध्यंतरी मालकांनी विचारलं, "डॅशबोर्ड कोण किती वेळा बघतं, नावानिशी यादी मिळेल का?" मिळते. पॉवर बीआयमध्ये ती सोय तयारच आहे: कोणी, कोणत्या दिवशी, कोणता रिपोर्ट उघडला. मी यादी दिली. पुढच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये ती भिंतीवर झळकली. सगळ्यात खाली नाव होतं स्टोअर सांभाळणाऱ्या काकांचं.

महिन्यात दोनदा, बस्स. रोज सकाळी डिस्पॅचचा मुलगा त्यांना रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि काका रॅकसमोर उभे राहून माल मोजतात. आकडा चुकला की आधी त्यांनाच कळतं. यादीत पहिला कोण? जो तासातासाला रिपोर्ट उघडतो आणि मलाच विचारतो, "यातलं क्लोजिंग म्हणजे नक्की काय हो?"

कंपनीचा कॉम्प्युटर, कंपनीचा डेटा, मग नोंद ठेवली तर बिघडलं कुठे, असं मला ऐकवलं गेलं. नोंद जरूर ठेवा. पगाराचा तक्ता कोणी एक्सेलमध्ये उतरवून घेतला, हे कळायलाच हवं. पण ती नोंद काही घडलं तर उघडायची असते. तिची हजेरी केली की ती पाळत होते, आणि तीही चुकीच्या गोष्टीवर.

मायक्रोसॉफ्टनेच नोव्हेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या नावासकट 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर' दाखवायला सुरुवात केली होती. इतका ओरडा झाला की १ डिसेंबरला नावं काढायचं जाहीर करावं लागलं. आपल्याकडे कायद्याचा आधार शोधू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला संमती न घेण्याची मुभा मालकाला आहे. पण मुभा आहे म्हणून ते शहाणपणाचं ठरतं का?

दोष माझाही आहे. नावं लपवायचा पर्याय अ‍ॅडमिनच्या सेटिंगमध्ये असतो, आणि अ‍ॅडमिन मीच. यादी देण्याआधी हे बोलायला हवं होतं. आता बोललोय. मालक म्हणाले, "बघू."

तोवर काका रोज सकाळी आल्या आल्या रिपोर्ट उघडतात, बंद करतात आणि मग रॅककडे जातात. यादीत ते आता चौथे आहेत.