आठ जीबी की सोळा? मेख नावातच

'किती जीबीचे कार्ड?' हा ग्राफिक्स कार्डाच्या दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न एकेकाळी निरर्थकच होता. संथ मेमरीचा मोठा आकडा खोक्यावर छापून दुबळी कार्डे सर्रास खपवली जात. आता मात्र हाच आकडा निर्णायक ठरू लागला आहे.

याचे मूळ प्लेस्टेशन ५ मध्ये आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ते १६ जीबी सामाईक मेमरी घेऊन आले आणि खेळांच्या निर्मात्यांनी त्याच हिशेबाने चित्रांचा तपशील वाढवला. २०२३ मध्ये 'हॉगवर्ट्स लेगसी' व 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' संगणकावर अवतरले, तेव्हा जेमतेम अडीच वर्षांपूर्वी ४९९ डॉलरना बाजारात आलेले ८ जीबीचे आरटीएक्स ३०७० उच्च सेटिंगवर अडखळू लागले. चिपमध्ये दम होता, जागा नव्हती. या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी माहिती पुरवते. ती भरली की उरलेली माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीतून सेकंदाला फार तर ३२ जीबीच्या वाटेने आणावी लागते. सरासरी फ्रेमरेट अशा वेळीही बरा दिसू शकतो. पण ऐन मोक्याच्या क्षणी दृश्य गचके खाते.

खरा आक्षेप आहे तो नामकरणाला. एनव्हिडियाने एप्रिल २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० टीआय ८ व १६ जीबी अशा दोन रूपांत, पण एकाच नावाने आणले. जाहीर किंमत अनुक्रमे ३७९ व ४२९ डॉलर. एएमडीनेही जूनमध्ये आरएक्स ९०६० एक्सटीबाबत हाच कित्ता गिरवला. पन्नास डॉलरच्या फरकापायी आयुर्मान बदलणाऱ्या दोन वस्तूंना एकच नाव देणे ही दिशाभूलच होय. मेमरी कार्डावर कायमची जडवलेली असते. ती मागाहून वाढवता येत नाही.

अर्थात, मोठा आकडा म्हणजे वेग नव्हे. १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० बहुतेक खेळांत ८ जीबीच्या ३०७० च्या मागेच राहते. 'व्हॅलोरंट' वा 'काउंटर-स्ट्राइक २' १०८०पी पडद्यावर खेळणाऱ्याने ८ जीबीवर खुशाल भागवावे. नवे भव्य खेळ १४४०पीवर खेळायचे तर १२ जीबीखाली उतरू नये, फोर-केसाठी १६ जीबी हवेत. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मागणीने मेमरी चिपचे भाव भडकले, त्यामुळे कमी मेमरीची कार्डे ग्राहकाच्या गळ्यात मारण्याचा मोह विक्रेत्यांना होणारच. तयार संगणक घेताना बिलावर कार्डाच्या नावापुढे जीबीचा आकडा आवर्जून लिहून घ्यावा.