शिस्तीच्या नावाखाली तहान



बहारीनमध्ये उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ या वेळात मजुराला उघड्यावर राबवणे दंडनीय आहे. २००७ पासून ही बंदी आहे. आधी ती जुलै-ऑगस्टपुरती होती, २०२५ पासून १५ जून ते १५ सप्टेंबर अशी तीन महिन्यांची झाली. आपल्यापैकी कितीतरी जण इथे इंजिनिअर आहेत, सेफ्टी ऑफिसर आहेत, डॉक्टर आहेत. साइटवर सावली आहे का, थंड पाणी आहे का, याच्या तक्त्यावर आपण रोज सह्या करतो.

आणि संध्याकाळी आपलीच मुले कराटे, तायक्वांदो, ज्यूदोच्या क्लासला जातात. तिथे काही ठिकाणी "मी सांगेपर्यंत कोणी पाण्याला हात लावायचा नाही" हा नियम बिनदिक्कत चालतो. आपण काचेपलीकडे मोबाइल बघत बसतो. मजुराला जे कायद्याने मिळते, ते आपल्या मुलांना सरांच्या मर्जीने मिळते!

यावर पहिले उत्तर ठरलेले असते : "क्लास तर एसीत असतो, ऊन कुठे लागते?" प्रश्न उन्हाचा नाहीच. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, नुसता घाम आल्यामुळे नाही. हे बेट आहे. ऑगस्टमध्ये सूर्य मावळल्यावरही हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. एका खोलीत पंचवीस मुले, अंगात जाड सुती गणवेश, वर छातीचे आणि डोक्याचे संरक्षक कवच. अशा वेळी एसी कितीसा पुरणार?

दुसरे उत्तर अधिक चिवट आहे : "घामावर पाणी पिऊ नये. आमच्या वेळी तालमीत कुठे बाटल्या होत्या?" तालमीचा मलाही अभिमान आहे. पण कोल्हापूरच्या तालमीत जोर-बैठका होत त्या पहाटेच्या गारव्यात, आणि त्यानंतर थंडाईची भरपाई असे. त्यातली पहाट वगळायची, थंडाई वगळायची आणि फक्त 'पाणी नको' एवढेच मनाम्याला आणायचे, याला परंपरा म्हणत नाहीत. त्या समजुतीत तथ्य आहे ते इतकेच की तहानेने कासावीस होऊन एका दमात बाटलीभर पाणी ढोसले तर पोटात दुखते, मळमळते. त्यावर उपाय पाणी तोडणे हा नव्हे. अधूनमधून चार घोट देणे हा आहे.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच याचे मोजमाप दिले आहे. ९ ते १२ वर्षांच्या मुलांना व्यायामात दर वीस मिनिटांनी साधारण १०० ते २५० मिलिलिटर, आणि त्याहून मोठ्या मुलांना तासाला एक ते दीड लिटरपर्यंत. याच निवेदनात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. पुरेसे पाणी मिळाले तर मुलांचे शरीर उष्णता सोसण्यात मोठ्यांपेक्षा मुळात कमी पडत नाही. म्हणजे दोष मुलांच्या शरीरात नाही, आपण आखलेल्या वेळापत्रकात आहे. वजनाच्या दोन टक्के पाणी घटले की दम आणि एकाग्रता उतरू लागते. तीस किलोच्या मुलाच्या बाबतीत हे दोन टक्के म्हणजे अवघे ६०० ग्रॅम!

खरा मुद्दा मात्र मिलिलिटरचा नाही, आज्ञापालनाचा आहे. पाणी मागणारा मुलगा 'नाजूक' ठरतो. चक्कर येत असताना गप्प उभा राहणारा 'शिस्तीचा'. आपल्या शरीराची हाक दाबून टाकायला शिकवणे म्हणजे शिस्त नव्हे. मुलींचे तर आणखी वेगळे. स्वच्छतागृह धड नसते किंवा पुरुष प्रशिक्षकाकडे परवानगी मागायची लाज वाटते, म्हणून त्या पाणीच टाळतात. याची दखल कोण घेतो?

स्पर्धा जवळ आली की हेच पाणी तोडणे 'वजन उतरवणे' या नावाने येते. १९९७ मध्ये अमेरिकेत महिन्याभराच्या अंतरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन घटवताना मरण पावले, तेव्हा कुठे तिथे रबरी सूट आणि सौना बंद झाले. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमने अपात्र ठरली. आपण सगळे हळहळलो. पण रात्रभर घाम गाळून शरीर सुकवावे लागते, या पद्धतीविषयी कितीजण बोलले? ऑक्टोबर २०२५ मध्ये आशियाई युवा क्रीडा स्पर्धा इथेच बहारीनला झाल्या. आपल्या मुलांच्या डोळ्यांत पदकाची स्वप्ने आहेत, आणि ती असावीत. पण बारा वर्षांच्या मुलाला "एक किलो कमी करून ये" असे सांगणाऱ्याला मी गुरू म्हणणार नाही.

उलट टोकही नको. साध्या सरावाला साधे पाणी पुरते. फार वेळ घाम गेला तर चिमूटभर मीठ घातलेले लिंबू सरबत किंवा कोल्ड स्टोअरमधले लबन, म्हणजे आपले ताकच. एनर्जी ड्रिंक मुलांच्या हाती देऊच नये. इथल्या सरकारने डिसेंबर २०१७ पासून त्यांवर १०० टक्के अबकारी कर लावला आहे, तंबाखूइतकाच. आणि तासन्‌तास नुसते पाणी बळेच पाजणेही धोक्याचे, त्याने रक्तातले सोडियम घटते.

तेव्हा पालकांनी एकत्र येऊन प्रत्येक क्लासकडे एवढेच मागावे :

१. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाण्याची सुट्टी. मधे तहान लागली तर परवानगीची गरज नाही.
२. शिक्षा म्हणून पाणी बंद, हे कधीही नाही.
३. वाढत्या वयात पाणी तोडून वजन उतरवणे पूर्ण बंद.
४. मुलींसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह.
५. डोके दुखणे, मळमळ, बरळणे दिसताच सराव थांबवणे, अंग थंड करणे, आणि बरळणाऱ्या मुलासाठी ताबडतोब ९९९ ला फोन.

"सर रागावतील" ही भीती असेल तर एक प्रश्न स्वतःला विचारा. साइटवरच्या एखाद्या फोरमनने मजुराचे पाणी असे अडवले असते, तर आपण त्या तक्त्यावर सही केली असती का?

आपला,
एक पालक, मनामा